रुळांमधून निसटलेली वीज आणि जमिनीतल्या गॅसवाहिन्या

१८८८ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेगने विजेची ट्राम यशस्वीपणे चालवून दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत शहरोशहरी ट्रामच्या तारा लागल्या. डोक्यावर एक तार, परतीला रूळ. दुसऱ्या तारेचा खर्च वाचला. पण रूळ जमिनीतच बसवलेले आणि त्यांचे सांधे कच्चे. साहजिकच थोडी वीज मातीत उतरायची, गॅसचा लोखंडी नळ सापडला की त्यातून धावायची आणि वीजघराजवळ नळ सोडून पुन्हा रुळांकडे जायची. जिथून ती नळाबाहेर पडते, तिथेच लोखंड झिजतं. एक अँपिअर प्रवाह वर्षभर असाच बाहेर पडत राहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. तेही एकाच ठिकाणी गेलं, तर नळाला भोक पडायला फार काळ लागत नाही.

ओतीव लोखंडाचे नळ तर आणखी फसवे. लोखंड विरघळतं, त्यातलं ग्राफाइट (कार्बन) जागेवरच राहतं. उकरून पाहावं तर नळ शाबूत दिसतो, आणि चाकूने खरवडलं की काळा भुगा पडतो.

सिनसिनाटीत ट्रामला वर दोन तारा होत्या, म्हणजे परतीसाठी रूळ लागतच नव्हते. हा उपाय ठाऊक असूनही बहुतेक कंपन्यांनी तो टाळला, कारण नळ दुसऱ्याचे होते. माझ्या मते या प्रश्नाचं मूळ रसायनशास्त्राइतकंच या हिशोबातही आहे. ब्रिटनमध्ये सरकारनेच रुळांवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधल्या विद्युतदाबाच्या फरकाला ७ व्होल्टची मर्यादा घातली.

नळ वाचवण्याचा पक्का मार्ग १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट कून यांनी दाखवला: गॅसवाहिनीला बाहेरून ऋण विद्युतदाब द्यायचा, म्हणजे लोखंड विरघळतच नाही. आजचं कॅथोडिक प्रोटेक्शन ते हेच.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तीही १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, आणि परतीला रूळ ठेवूनच. २०१६ मध्ये हार्बर मार्गही २५ हजार व्होल्ट एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर, गेला. एसीने गंज जवळपास चढत नाही, असा समज बराच काळ होता. १९८६ मध्ये जर्मनीत एसी रेल्वेला समांतर गेलेल्या गॅसवाहिनीवर गंजाचे खड्डे सापडले आणि तो समज मोडला. त्या वाहिनीवर पॉलिथिलीनचं उत्तम आवरण होतं. त्यातल्या बारीक छिद्रांवरच सगळा प्रवाह एकवटला होता.