ग्रेडियन व दशमान कोनमापन

ग्रेडियन : काटकोनाच्या शंभराव्या भागाइतके कोनमापनाचे एकक. यालाच ग्रेड किंवा गॉन म्हणतात. पूर्ण वर्तुळात ४०० गॉन असतात. म्हणून अंशांना ०.९ ने भागले की गॉन आणि गॉनांना ०.९ ने गुणले की अंश मिळतात. तोफखान्यात वापरल्या जाणाऱ्या मिल या कोनएककाच्या ६४०० मिलांच्या वर्तुळात एका गॉनाचे १६ मिल होतात.

दशमान कोनमापनाचा आरंभ इंग्रज गणिती हेन्री ब्रिग्ज यांच्या १६३३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्रिकोणमितीय कोष्टकांपर्यंत मागे नेता येतो, कारण त्यांत अंशाचे ६० ऐवजी १०० भाग पाडलेले आहेत. मात्र वर्तुळाचे ३६० अंश ब्रिग्ज यांनी कायम ठेवले होते. त्यामुळे काटकोनच शंभरात विभागण्याची पद्धती अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील फ्रेंच मापनसुधारणेतून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे मीटर, अशी तेव्हाची व्याख्या होती. तीनुसार रेखावृत्तावरील एक ग्रेड १०० किमी. आणि त्याचा शतांश नेमका १ किमी. भरतो. कोन व अंतर यांचा इतका सरळ मेळ अंश-कला-विकलांत (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला) साधत नाही. मीटर ठरवण्यासाठी फ्रेंच खगोलज्ञ डलांब्र व मेशँ यांनी डंकर्क ते बार्सिलोना या रेखावृत्तखंडाच्या मोजणीत फ्रेंच गणिती बॉर्दा यांची कोन मोजणारी वर्तुळयंत्रे वापरली. बॉर्दा यांची दशमान कोष्टके डलांब्र यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केली.

रूपांतरात चूक होते ती बहुधा दशांशचिन्हाच्या वाचनात. पॅरिसच्या रेखावृत्ताचे ग्रिनिचपासूनचे रेखांश २.५९६९२१३ ग्रेड पूर्व आहेत. त्यांना ०.९ ने गुणल्यास २.३३७२२९१७ अंश येतात. यातील अपूर्णांकाला ६० ने गुणल्यास २०.२३३७५ कला आणि उरलेल्या ०.२३३७५ ला पुन्हा ६० ने गुणल्यास १४.०२५ विकला, म्हणजे २°२०′१४.०२५″. मूळ संख्या २ ग्रेड ५९ शतमान मिनिटे (ग्रेडचे शतांश) ६९ शतमान सेकंद (त्या मिनिटाचे शतांश) अशी वाचणे योग्यच आहे, परंतु २.३३ अंश हे २ अंश ३३ कला असे वाचणे सर्वस्वी चुकीचे. शिवाय शतमान मिनिट केवळ ३२.४ विकलांचे असते, तर षष्टिमान मिनिट, म्हणजे कला, ६० विकलांचे.

या पद्धतीची खरी अडचण भागाकारात आहे. ४५ अंशांचे ५० गॉन सुबक होतात, पण ३० अंशांचे ३३.३३३… असे न संपणारे.

युरोपातील काही देशांच्या भूमापनात गॉन रूढ आहे. भारतात भूमापन व पंचांग ही दोन्ही अंशांवरच चालतात. येथे हे एकक भेटते ते मुख्यतः कॅल्क्युलेटरच्या ‘ग्रॅड’ या पर्यायात. तो चुकून निवडला गेल्यास ३० ची ज्या (साइन) ०.५ ऐवजी ०.४५३९९, म्हणजेच २७ अंशांची ज्या, दिसते.