भारतीय सांख्यिकी सेवेचा अर्ज: आधी गुणपत्रिका काढा
भारतीय सांख्यिकी सेवेची (आयएसएस) परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. साधारण फेब्रुवारीत जाहिरात येते, जूनमध्ये लेखी असते. अर्ज उघडण्याआधी पदवीची गुणपत्रिका समोर ठेवा. पदवीला संख्याशास्त्र, गणितीय संख्याशास्त्र किंवा उपयोजित संख्याशास्त्र हा एक विषय असलाच पाहिजे. नसेल तर यांपैकी एकात पदव्युत्तर पदवी हवी. डेटा सायन्सचं सर्टिफिकेट किंवा नोकरीतला अनुभव ही अट भागवत नाही. शिकवलं संख्याशास्त्रच, पण पेपरचं नाव ‘क्वांटिटेटिव्ह टेक्निक्स’ असेल, तर विद्यापीठाकडून तसं लेखी पत्र आत्ताच घेऊन ठेवा. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो. उत्तीर्ण झाल्याचा पुरावा लेखी निकालानंतरच्या सविस्तर अर्जासोबत लागतो.

वय परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला २१ पूर्ण हवं आणि ३० पूर्ण झालेलं नको. म्हणजे २०२६ साठी जन्म २ ऑगस्ट १९९६ ते १ ऑगस्ट २००५ या दरम्यानचा. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं, ओबीसींना ३ वर्षं सवलत आहे. शुल्क २०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना माफ.

महाराष्ट्रातले अर्ज सगळ्यात जास्त अडकतात ते दाखल्यांवर. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. राज्याचं प्रमाणपत्र तीन वर्षांपर्यंत चालतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. केंद्रात मात्र जाहिरातीत दिलेल्या आर्थिक वर्षाचं आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत निघालेलंच धरतात. व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे राज्याचे प्रवर्ग केंद्रात वेगळे नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी, नाहीतर खुला. एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला केंद्राच्या परीक्षेला उपयोगाचा नाही. अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच टाका. लग्नानंतर बदललेलं नाव किंवा आधारवरचं वेगळं स्पेलिंग पुढे निस्तरत बसावं लागतं.

लेखी १००० गुणांची, मुलाखत २०० ची. सामान्य इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, संख्याशास्त्राचे चार पेपर प्रत्येकी २००. संख्याशास्त्राचे पहिले दोन वस्तुनिष्ठ: दोन तासांत ८० प्रश्न, बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं की त्याचा एक तृतीयांश कापला जातो. नमुना निवड आणि अर्थमिती तिसऱ्यात येतात. चौथ्यात सात विभागांपैकी दोन निवडायचे असतात, त्यात लोकसंख्याशास्त्र, गुणवत्ता नियंत्रण, बहुचल विश्लेषण वगैरे. जे एमएस्सीला नीट झालंय तेच घ्या. ‘स्कोअरिंग’ ऐकून नवा विभाग उचलणं महागात पडतं.

पदवीची अट बसली नाही तर कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतलं ‘कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी’ हे पद बघा. तिथे कोणतीही पदवी आणि बारावीला गणितात किमान ६० टक्के एवढ्यावरही भागतं. फक्त अर्जात त्या पदासाठीच्या संख्याशास्त्राच्या जादा पेपरवर खूण करायला विसरू नका.