भट्टीतला कचरा उसाच्या मळ्यात कसा आला

सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून. नोकरी सांभाळून त्याने एकच ध्यास घेतला होता, लोखंडातला स्फुरद काढायचा. स्फुरदामुळे पोलाद ठिसूळ होई, म्हणून फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या लॉरेनसारख्या भागातलं मुबलक खनिज पोलादासाठी कुचकामी ठरलं होतं. थॉमस आणि रसायनतज्ज्ञ पर्सी गिलख्रिस्ट यांनी भट्टीला आम्लारिधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) अस्तर लावलं आणि वितळलेल्या लोखंडात चुना टाकला. 1879 मध्ये इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोला प्रयोग यशस्वी झाला. लोखंडातला स्फुरद चुन्याने ओढून घेतला आणि तो स्लॅगमध्ये, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या मळीत, उतरला.

या स्लॅगची बारीक भुकटी म्हणजे आम्ल जमिनीसाठी आयतं खत. स्फुरदही मिळे आणि चुन्यामुळे सामूही (pH) वाढे, म्हणजे आम्लपणा कमी होई. जर्मनीत ती ‘थॉमस पीठ’ म्हणून खपली. थॉमस स्वतः 1885 मध्ये, पस्तिशीही न गाठता वारला.

पण खताचं भवितव्य पोलादवाल्यांच्या हातात होतं. 1952 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला प्राणवायूच्या झोतावर चालणारी नवी भट्टी सुरू झाली, कारखान्यांनी कमी स्फुरदाचं खनिज पसंत केलं आणि स्लॅगमधला स्फुरद नावापुरता उरला. चुना मात्र भरपूर होता.

हवाईतल्या ऊसमळ्यांचा शोध वेगळाच निघाला, आणि मला तो जास्त रंजक वाटतो. तिथल्या धो-धो पावसाने ज्वालामुखीच्या मातीतलं सिलिकॉन धुऊन जाई. उसाच्या पानांवर ठिपके पडत, वाढ खुंटे. 1960 च्या दशकात तिथे पोलादाची नव्हे, तर अमेरिकेत विजेच्या भट्टीत स्फुरद बनवताना उरणारी स्लॅग वापरून पाहिली गेली. ती मुख्यतः कॅल्शियम सिलिकेट. उत्पादन वाढलं, आणि केवळ चुना घालून तेवढा फरक पडत नव्हता. थॉमसच्या स्लॅगची किंमत स्फुरदाला होती. या स्लॅगमधून स्फुरद आधीच काढून घेतलेला होता, तिची किंमत सिलिकॉनला होती.

हे उदाहरण आपल्या उसाला जसंच्या तसं लागू होत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस बहुतांशी चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत असतो. तिथे सामू आणखी वाढवून मिळणार काय? हवाईशी साम्य असलंच तर कोकणच्या जांभ्या जमिनीचं, तोच पाऊस, तेच घटक धुऊन जाणं, तोच आम्लपणा. तिथेही पोलाद कारखान्याची स्लॅग वापरायची तर ती बारीक दळलेली हवी आणि तिच्यातलं क्रोमियम (एक जड धातू) आधी तपासलेलं हवं.