प्रोसेसर ‘इन्स्ट’मध्ये लावायचा नसतो

‘गिटारचा आवाज आहे ना, मग ऑडिओ इंटरफेसवर (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या यंत्रावर) इन्स्टचं, म्हणजे इन्स्ट्रुमेंटचं, बटण दाबायलाच हवं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. गिटार थेट लावत असाल तर तो अगदी बरोबर आहे. मध्ये इफेक्ट्स प्रोसेसर (गिटारच्या आवाजावर इफेक्ट्स चढवणारं यंत्र) आला की मात्र तो चुकतो.

‘इन्स्ट’ किंवा हाय-झी इनपुट हे गिटारच्या पिकअपसाठी असतं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचा सिग्नल नाजूक, इम्पीडन्स (विद्युत अडथळा) जास्त. समोर साधारण १ मेगाओहमचं इनपुट नसेल तर ट्रेबलची धार जाते, आवाज दबका येतो. ही काळजी प्रोसेसरच्या इनपुटने आधीच घेतलेली असते. त्याच्या आउटपुटमधून निघतो तो कमी इम्पीडन्सचा, बहुधा लाइन लेव्हलचा (ऑडिओ यंत्रांमधल्या नेहमीच्या पातळीचा) दणकट सिग्नल. तो ‘इन्स्ट’मध्ये घातला की गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) अगदी कमी ठेवूनही लाल दिवा लागतो, आवाज फाटतो, आणि दोष प्रोसेसरवर येतो. हे मला खरंच खटकतं.

म्हणून बटण ‘लाइन’वर ठेवा. प्रोसेसरच्या सेटिंगमध्येही ‘अँप’ऐवजी ‘लाइन’ निवडा आणि कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू ठेवा. नाहीतर डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं. स्टिरिओ हवा असेल तर डाव्या-उजव्या आउटपुटच्या दोन केबली दोन वेगळ्या इनपुटांत. एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल) वापरत असाल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेस माइकला त्याच केबलमधून देतो ती वीज) आधी बंद करा. आणि प्रोसेसरलाच यूएसबी ऑडिओ असेल, तर नुसत्या गिटारच्या रेकॉर्डिंगसाठी वेगळा इंटरफेस लागतही नाही.