ताकाचा ग्लास आणि पूर्व भागातलं पोर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ओळखीच्या घरी मध्यंतरी पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग करून पाहिला. दोन सारखी फुलपात्रं, दोन्हींत सारखं ताक. सहा वर्षांच्या पोरानं दोन्हीकडे बघून मान डोलावली, सारखंच आहे. मग एका फुलपात्रातलं ताक उंच, अरुंद ग्लासात ओतलं आणि विचारलं, "आता जास्त कशात?" बोट ग्लासाकडे गेलं. पुस्तकात लिहिलंय तस्संच. कोपऱ्यात विड्या वळत बसलेल्या आजीनं हातातलं काम न थांबवता तोच प्रश्न तेलुगूत टाकला, "एंदुलो एक्कुव उंदी?" पोरगं जरा थांबलं नि म्हणालं, "रेंडू ओकटे." दोन्ही एकच.

एका पोरावरून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्यांदा विचारलं म्हणूनही त्यानं उत्तर बदललं असेल. पण वैकासिक मानसशास्त्राचा, म्हणजे माणूस वयानुसार कसा घडतो-बदलतो याच्या अभ्यासाचा, इतिहास बराचसा याच पेचाभोवती फिरलेला आहे. मुलाबद्दल आपण जे छातीठोक सांगतो, त्यात मुलाचं किती आणि आपल्या विचारण्याचं किती?

सुरुवात झाली ती बापाच्या वहीपासून. जर्मनीत तीडमान यांनी आपल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी १७८७ मध्ये छापल्या. चार्ल्स डार्विन यांचा थोरला मुलगा १८३९ मध्ये जन्मला; तो कधी चिडला, कधी घाबरला, आरशातल्या स्वतःकडे कसा पाहत राहिला, हे त्यांनी टिपून ठेवलं. टिपणं मात्र पडून राहिली ती १८७७ पर्यंत. फ्रान्सच्या तेन यांचा आपल्या मुलीविषयीचा लेख वाचला, तेव्हा कुठे त्यांनी ती बाहेर काढली. या कामाला शिस्त लावली प्रेयर यांनी. आपल्या मुलाला रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ पाहायचं आणि लगेच लिहायचं, असं त्यांनी जवळजवळ तीन वर्षं केलं. पुस्तक आलं १८८२ मध्ये. या वह्या आजही वाचनीय आहेत. अडचण एवढीच की मूल एकच, आणि तेही शिकलेल्या, खात्यापित्या घरातलं.

मग आली प्रश्नावली. अमेरिकेत स्टॅन्ली हॉल यांनी बोस्टनमध्ये शाळेत नव्यानं येणाऱ्या मुलांना काय काय ठाऊक आहे, हे शिक्षिकांकरवी विचारून घेतलं आणि १८८३ मध्ये छापलं. शहरातल्या पोरांना शेतातल्या साध्या गोष्टी माहीत नाहीत, हे पाहून लोक चकित झाले. का व्हावं, कोण जाणे. आपल्याकडच्या यंत्रमागाशेजारी वाढलेल्या पोराला धोटा विचारला तर ते पैकीच्या पैकी मार्क घेईल, बोस्टनचं पोर शून्यावर बसेल.

पॅरिसमध्ये बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये तीस कृतींची बुद्धीची चाचणी बनवली. कोणत्या मुलांना शाळेत वेगळी मदत लागेल एवढंच त्यांना शोधायचं होतं. बुद्धी म्हणजे जन्मभर न हलणारा आकडा, असं बिने मानत नव्हते. ती समजूत चाचणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेल्यावर जास्त घट्ट झाली. या चाचणीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मुंबई-कर्नाटक भागातल्या मुलांसाठी ती मराठी आणि कन्नडमध्ये बसवली. बिने-कामत चाचणी अजूनही दवाखान्यांत वापरली जाते. दोन भाषांत काम केलं हे कौतुकाचंच. पण सोलापुरात अर्धा पूर्व भाग घरी तेलुगू बोलतो आणि शाळेत मराठी ऐकतो. त्या पोराला कोणत्या भाषेत तपासायचं, हा प्रश्न चाचणीच्या पेटीत मिळत नाही.

पियाजे तरुणपणी पॅरिसच्या याच चाचण्यांच्या परंपरेत काम करत होते. काम कंटाळवाणं होतं, मुलांची उत्तरं बरोबर की चूक ते नोंदवायचं. त्यांना मात्र चुकाच महत्त्वाच्या वाटू लागल्या, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती. मग "असं का वाटतं तुला?" असं विचारत मुलाच्या मागे मागे जाण्याची त्यांची पद्धत तयार झाली. स्वतःच्या तिन्ही मुलांवरही त्यांनी बारकाईनं नजर ठेवली, म्हणजे बापाची वही पुन्हा आलीच. त्यांच्यावरचा एक नेमका घाव १९७४ मधला आहे. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या. एक रांग प्रयोग करणाऱ्यानं नाही, तर एका खोडकर अस्वलाच्या बाहुल्यानं विस्कटली. एरवी चुकणारी बरीच मुलं आता बरोबर उत्तर देऊ लागली. मोठ्या माणसानं मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे त्याला वेगळं उत्तर हवं असणार, असा मुलाचा हिशेब असावा. व्यवहार त्याला कळतो, हे उघड आहे.

बोलताही न येणाऱ्या बाळाचं काय? फँट्स यांनी १९६० च्या सुमारास बाळासमोर दोन चित्रं धरून ते कुठल्याकडे जास्त वेळ बघतं ते मोजलं. तेच तेच पाहून बाळ कंटाळतं आणि नवं दिसलं की पुन्हा टक लावतं, यावरून त्याला फरक कळतो हे ताडता येतं. साधी युक्ती, पण तिनं बाळाच्या मेंदूचं दार किलकिलं केलं. त्याआधी, १९२० मध्ये, वॉटसन आणि रेनर यांनी अल्बर्ट नावानं ओळखल्या जाणाऱ्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली आणि ती न काढताच प्रयोग संपवला. आज आईबापांच्या संमतीशिवाय बाळाचा साधा अभ्यासही करता येत नाही, असा प्रयोग तर नाहीच.

जन्मजात की संस्कार, हा वाद सोलापूरला पुस्तकाबाहेरही भेटतो. इंग्लंडच्या गाल्टन यांनी आनुवंशिक प्रतिभेवर १८६९ मध्ये लिहिलं, जुळ्यांचा अभ्यास १८७५ मध्ये मांडला. मधल्या १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीची पोरं जन्मतःच संशयित. सोलापुरात अशा जमातींना ठेवलेली मोठी वसाहत होती आणि कायदा १९५२ मध्ये गेला तरी 'सेटलमेंट' हे नाव वस्तीला चिकटून राहिलं. मात्र त्याच शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशननं बालवर्ग आणि बालवर्गाच्या शिक्षिका घडवण्याचं काम चालवलं होतं. मूल घडतं, या विश्वासावर ते उभं होतं. एका गावात दोन टोकं.

आता पद्धतीतली खरी मेख. आज सोलापुरातली सत्तरीची आजी आणि विशीची नात यांना एकच चाचणी दिली आणि आजीला कमी गुण पडले, तर बुद्धी वयानं झिजली म्हणायचं का? आजी शाळेचं तोंड न पाहता विडीकामाला लागलेली असेल. वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकाच वेळी तुलना करण्यात वयाच्या फरकात हा पिढीचा फरक मिसळून जातो. तीच माणसं वर्षानुवर्षं पाहिली तर तो आड येत नाही. पण मग वेळ, पैसा आणि सुटून जाणारी माणसं! शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात दोन्ही जोडले. ठरावीक वर्षांनी जुन्या माणसांना पुन्हा तपासायचं आणि नवे गटही घ्यायचे. माग पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल, कारण नुसत्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, कापड होत नाही, आडवा बाणाही लागतो. न्यूझीलंडमधल्या डनीडनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे.

असाच पाठपुरावा, छोटा आणि बिननावाचा, आपल्या अंगणवाडीतही होतो. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून ताई दर महिन्याला त्याच पोराला तराजूवर बसवते आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडते. एका ताईंची वही मी चाळली. बहुतेक ओळी सलग होत्या. एका पोरीच्या ओळीत दिवाळीनंतरचे सगळे रकाने कोरे होते, उन्हाळ्यात ठिपका पुन्हा सुरू. ताई म्हणाल्या, "ऊसतोडीला गेले होते ओ ते."