यीस्टची दमछाक आणि बर्फाची पळवाट

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात कडक एलची, म्हणजे एका प्रकारच्या बिअरची, टोपणनावं मोठी मासलेवाईक होती: 'पिसाळलेला कुत्रा', 'ड्रॅगनचं दूध', 'भिंत धरून चाल'. शेवटच्या नावात तर पिणाऱ्याची अवस्थाच आली. पुढे जमीनदारांच्या वाड्यांत ऑक्टोबरमध्ये अशी एल पिंपात भरून वर्षानुवर्षं मुरवू लागले. वारस जन्मला की भरलेलं पिंप तो 21 वर्षांचा झाला की उघडायचं, अशीही रीत होती. इंग्लंडातल्या बर्टन गावच्या ऑलसॉप या बिअर कंपनीने 1852 च्या ध्रुवीय मोहिमेसाठी बनवलेली आर्क्टिक एल याच घराण्यातली. ती इतकी कडक होती की साध्या बिअरसारखी चटकन गोठायची नाही.

बिअर आणखी कडक करायची तर खरी अडचण यीस्टची. ते साखर खाऊन अल्कोहोल बनवतं आणि त्याच अल्कोहोलमध्ये गुदमरतं. बहुतेक एल यीस्ट 10-12 टक्के अल्कोहोलच्या आसपास मान टाकतात. सुरुवातीलाच खूप साखर दिली तरी ते दबतं, म्हणून कसलेले ब्रुअर साखर हप्त्याहप्त्याने देतात आणि सुरुवातीला भरपूर ऑक्सिजन पुरवतात. झ्युरिकच्या हुर्लिमान कंपनीने यीस्टवरच्या संशोधनाच्या जोरावर 14 टक्क्यांची सामिक्लाउस ही बिअर काढली. वर्षातून एकदा, 6 डिसेंबरला म्हणजे सेंट निकोलसच्या दिवशी ती बनवायची आणि मग महिनोन्महिने थंडीत मुरू द्यायची. अमेरिकेत बोस्टन बिअर कंपनीची ट्रिपल बॉक 1994 मध्ये साडेसतरा टक्क्यांवर गेली, 2002 ची युटोपियाज 24 वर, आणि नंतरच्या आवृत्त्या 28 वर. युटोपियाजला ना फेस ना बुडबुडे. छोट्या पेल्यात दोन घोट घ्यायचे, आधी नुसता वास घ्यायचा: मनुका, शेरी, जुनं लाकूड. ग्लासभर ओतणाऱ्याला काहीच कळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत.

त्यापुढचे आकडे मात्र यीस्टचे नव्हेत, बर्फाचे. पाणी शून्य अंशाला गोठतं, अल्कोहोल उणे 114 ला. बिअर गोठवून बर्फ काढून टाकला की उरतं ते जहाल. जर्मनीत कुल्मबाखला थंडीत बाहेर राहून गेलेल्या पिंपातून आइसबॉक ही अशी गोठवलेली बिअर जन्मली, अशी आख्यायिका सांगतात. 2009 च्या अखेरीस स्कॉटलंडच्या ब्रूडॉग कंपनीने 32 टक्के गाठले आणि चढाओढ पेटली. जर्मनीच्या शोर्शब्रॉयने 40 केले, ब्रूडॉगने 41, शोर्शब्रॉयने 43. जुलै 2010 मध्ये ब्रूडॉगची 55 टक्क्यांची बिअर आली, अवघ्या 12 बाटल्या, त्याही पेंढा भरलेल्या खारींसारख्या प्राण्यांच्या अंगात बसवलेल्या. गाजले ते प्राणीच. चव कशी होती, ते विचारायचं बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही.