‘माशाल’चा गुंता : पार्श्वभूमी

हिब्रू पवित्रग्रंथातल्या वाङ्मयप्रकारांची चर्चा सुरू झाली की ती हमखास एका शब्दापाशी अडते : माशाल. त्याला मराठीत दृष्टान्त म्हणावे, तर नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे मूळ नाव याच शब्दाचे, आणि तिथे गोष्टी जवळजवळ नाहीतच, बहुतेक दोन चरणांची वचने आहेत. म्हण म्हणावे, तर बलाम या द्रष्ट्याच्या भविष्यवाण्याही माशालच. यशयाच्या 14व्या अध्यायातली बाबेलच्या राजाची टवाळी माशाल, यहेज्केलाच्या 17व्या अध्यायातले गरुडांचे रूपकही माशाल. उलट राजा शोधायला निघालेल्या झाडांची योथामाची गोष्ट, किंवा गरिबाच्या एकुलत्या मेंढीची नाथानाने दाविदाला ऐकवलेली गोष्ट, हे तर सरळसरळ दृष्टान्त. पण मूळ संहितेत तिथे हा शब्दच नाही! ग्रीक भाषांतरकारांनी बहुतेक ठिकाणी ‘पाराबोले’ (दृष्टान्त) लिहिले, नीतिसूत्रांच्या शीर्षकाला मात्र ‘पारोइमिया’ (म्हण). एका शब्दाचे दोन झाले ते असे.

शब्दाला ठरीव आकार आला तो इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, पाठशाळांत. आधी छोटी गोष्ट, बहुतेक वेळा कुठल्याशा राजाची, आणि मग ‘निमशाल’, म्हणजे ती वचनाला लावून दाखवणे. महानुभावांच्या दृष्टान्त-दार्ष्टान्तिकाची (गोष्ट आणि तिचा लावलेला अर्थ) जोडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. माशालला हलके लेखू नका, असे बजावताना रब्बींनी दिलेले उदाहरणही माशालच आहे : राजाचे घरात हरवलेले मोती अखेर पैशाच्या वातीच्या उजेडातच सापडते.

खरी ठिणगी पडली ती ईयोबावरून, म्हणजे निर्दोष असून अपार दुःख भोगणाऱ्या बायबलातल्या माणसावरून. बाबेलच्या तलमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, एक विद्वान म्हणतो, ईयोब झालाच नाही, निर्माणही झाला नाही, तो माशाल होता. त्याच्यापुढे वचन ठेवले जाते : ‘ऊस देशात ईयोब नावाचा पुरुष होता.’ तो नाथानाच्या मेंढीकडे बोट दाखवतो. ती तरी कुठे होती? यावर उत्तर येते, मग इथे माणसाचे आणि गावाचे नाव कशाला? युक्तिवाद म्हणून हे उत्तर लंगडेच वाटते, कारण रचलेल्या गोष्टीलाही नाव-गाव देता येते. पुढे 12व्या शतकात कैरोतल्या एका तत्त्वज्ञ वैद्याने माशालची बाजू उचलून धरली.

यहेज्केलाने दृष्टान्तात पाहिलेल्या, पुन्हा जिवंत होणाऱ्या सुक्या हाडांचेही तेच. ते माशाल होते, असे एकाचे मत. दुसऱ्याच्या मते ते मेलेले उठले, इस्राएलात गेले, त्यांनी लग्ने केली, त्यांना मुले झाली. तेवढ्यात तिसरा उभा राहिला : मी त्यांचाच वंशज, आणि ही माझ्या आजोबांनी ठेवून गेलेली तेफिल्लीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या, वचने ठेवलेल्या चामडी डब्या). ‘प्रकार’ ठरवण्याच्या वादात असा पुरावा क्वचितच पुढे आला असेल.

1753मध्ये हिब्रू काव्यावरची ऑक्सफर्डमधली लॅटिन व्याख्याने छापून आली आणि लक्ष गोष्टीवरून चरणांच्या जोडीकडे वळले. समानार्थी, विरोधी आणि ‘संयोगी’ असे समांतरतेचे, म्हणजे दोन चरणांनी एकमेकांना जुळण्याचे, तीन वर्ग पाडले गेले. तिसऱ्यात जे कुठे बसत नाही ते सगळे कोंबले आहे, ही तक्रार आजही मिटलेली नाही. 1901मध्ये बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकावरच्या एका जर्मन भाष्याने तिथल्या कथांना ‘सागे’, म्हणजे मुखपरंपरेने आलेली आख्यायिका, म्हटले. इंग्रजीत त्याचे ‘लेजंड’ झाले आणि ते श्रद्धावंतांना ‘खोटी गोष्ट’ असेच ऐकू आले.

कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी, 19व्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम आणि योसेफ कीर्तनात उभे केले, मराठी पदांसह. तिथे प्रकाराचे नाव आधीपासून तयारच होते : आख्यान. ते घडले की रचलेले, हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही.